कुठले पाटील?

परदेशातल्या मराठी अंकांत एक लेख फिरून फिरून येतो. देश बदलतो, लेखक बदलतो, लेख तोच असतो: आमच्या आडनावाचं परक्या मुलखात काय काय झालं. अमेरिकेतला लेख असेल तर त्यात फोनवर एकेक अक्षर सुटं करून सांगायची कसरत असते. आखातातला असेल तर ‘प’ असतो. अरबीत ‘प’ नाही, म्हणून पाटलांचे ‘बातील’ होतात आणि पवारांचे ‘बवार’. मग ‘ळ’ची पाळी येते, मग ‘च’ची. शेवटी शेक्सपिअर येतो आणि नावात काय आहे असं म्हणून लेखक आपली रजा घेतो. तुम्ही हा लेख वाचलेला आहे. कदाचित लिहिलेलाही असेल.

हा लेख वाईट असतो असं माझं म्हणणं नाही. यातली गंमत खरी असते, आणि आखातात तर तिला चांगली खोली आहे. ‘बातील’ ऐकून कुणाला हसू येतं, कारण अरबीत ‘बातिल’ म्हणजे खोटं, अवैध, रद्द झालेलं. तो ‘त’ वेगळा, पाटलांचा ‘त’ वेगळा, पण कानाला जवळचा. आणि हा शब्द आपण शेकडो वर्षं वापरतो आहोत. ‘रद्दबातल’ मधला बातल तो हाच. सातबाऱ्यावर ज्यांचं नाव ठसठशीत, ते पाटील कुवेतच्या खिडकीवर रद्दबातल व्हायच्या बेतात येतात, हा विनोद कुणालाही सुचेल असा नाही. काळ्यांचंही तसंच. अरबी लिपीत ‘ळ’ नाही आणि ‘ए’साठी वेगळी खूण नाही, त्यामुळे काळे लिहिले जातात ते ‘काली’ वाचता येतील असे. जोशी ‘जूशी’ होऊ शकतात.

माझी तक्रार वेगळी आहे. हा लेख दर वेळी एकाच जागी थांबतो. परके आपलं आडनाव कसं उच्चारतात इथे तो संपतो. आपण एकमेकांचं आडनाव कसं वाचतो, त्या वाटेला तो जात नाही. आणि मराठीत आडनावाबद्दल जे काही मोलाचं लिहिलं गेलं, दाखवलं गेलं, ते सगळं त्या दुसऱ्या वाटेवरचं आहे.

आधी या गावाचंच नाव घेऊ, कारण मी जिथे राहतो त्या सबाह अल-सालेमच्या नावात आडनावच नाही. कुवेतचे अमीर शेख सबाह अल-सालेम यांच्या नावाने ही वस्ती आहे. १९६५ ते १९७७ ही त्यांची कारकीर्द. सबाह हे त्यांचं नाव, सालेम हे वडिलांचं. ते सालेम म्हणजे मुबारक यांचे पुत्र, आणि आमची वस्ती ज्या प्रशासकीय विभागात मोडते तो त्या मुबारकांच्याच, म्हणजे आजोबांच्या नावाने आहे. पाकिटावर पत्ता लिहिला की तीन पिढ्या लिहून होतात. घराण्याचं नाव, अल-सबाह, लिहावंच लागत नाही. ते सगळ्यांना ठाऊक आहे.

आपल्याला हे परकं वाटायचं कारण नाही. जुन्या मोडी कागदांत कुणबी-मराठ्यांची नावं ‘अमुक बिन तमुक’ अशीच येतात, क्वचित ‘वलद’ लावून. दोन्ही शब्द अरबी. पुढे आडनाव येईलच असं नाही. येतो तो हुद्दा आणि मौजे अमुक. प्रत्येकाला कायमचं, छापील, न बदलणारं आडनाव असलंच पाहिजे हा आग्रह शाळेच्या दाखल्याने आणि सरकारी नोंदवहीने पक्का केला. तिथे कुणी गाव सांगितलं, त्याला ‘कर’ लागला. कुणी हुद्दा सांगितला. कुणाच्या पणजोबांना गावाने ठेवलेलं टोपणनाव मास्तरांनी लिहून घेतलं आणि पुढच्या पिढ्या ते निस्तरत बसल्या.

पाटील हा त्यातला हुद्दा. वंशपरंपरेने चालणारी पाटीलकी महाराष्ट्रात १९६२ च्या कायद्याने गेली, आडनाव राहिलं. ते मराठ्यांत आहे, खानदेशातल्या लेव्यांत आहे, आगरी-कोळ्यांत आहे, लिंगायतांत आहे, कोल्हापूर-सांगलीकडच्या जैनांत आहे, थोड्या ब्राह्मण घरांतही आहे. म्हणूनच मराठी माणसाला ‘पाटील’ एवढ्या उत्तराने समाधान होत नाही. तो लगेच विचारतो, कुठले पाटील? दुर्मीळ आडनावाच्या माणसाला हा प्रश्न पडत नाही; त्याचं आडनाव एका दमात गाव, जात, कधीकधी गल्लीसुद्धा सांगून मोकळं होतं. सामाईक आडनाव काहीच सांगत नाही, त्यामुळे त्याच्या धन्यालाच तोंडाने सांगावं लागतं. दुर्मीळ आडनाव म्हणजे ओझं आणि सामाईक आडनाव म्हणजे गर्दीत हरवणं, अशी विभागणी आपल्या विनोदी लेखांत असते. मराठीत तरी ती खरी नाही. इथे गर्दीतल्याचीच झडती जास्त होते.

आता पुस्तकांकडे येतो. या विनोदी लेखाचे मूळपुरुष म्हणजे पु. ल. देशपांडे, आणि मूळ पात्र म्हणजे ‘असा मी असामी’तले धोंडो भिकाजी कडमडे-जोशी. जोशी उदंड, म्हणून पुढे गावावरून आलेलं कडमडे. सामाईक आणि दुर्मीळ एकाच नावात जोडून दिलेले. कडमडणे या क्रियापदाचं हसू त्या गावाला चिकटलेलं आहे आणि ते पुस्तकभर पुरतं. पुलंची कमाल अशी की या माणसाला आपल्या नावाचा त्रास होतो, पण भीती कधी वाटत नाही. गिरगावातला हा कारकून काळाच्या धक्क्यांनी कितीही कडमडला, तरी त्याचं नाव ऐकून कुणी त्याला घराबाहेर काढणार नाही. जोशी हा शब्द त्याच्या पाठीशी भिंतीसारखा उभा आहे. परदेशी अंकांतल्या लेखकांनी पुलंची लकब घेतली आणि ती भिंतही नकळत गृहीत धरली.

धोंडो म्हणजे दगड. आधीची मुलं दगावलेली असली, की पुढच्याला देवाची नजर लागू नये म्हणून असं नाव ठेवत. आता दुसरं पुस्तक घ्या. १९७८ साली आलेलं दया पवारांचं ‘बलुतं’. त्याचा घाट तुम्हाला आठवत असेल: दगडू मारुती पवार आपली कहाणी दया पवारला सांगतो. माणूस एकच. शिकलेला, शहरात नोकरी करणारा, कविता लिहिणारा तो दया, आणि महारवाड्यातून आलेला तो दगडू. धोंडो आणि दगडू, अर्थ एकच. एका नावावर महाराष्ट्र तीन पिढ्या प्रेमाने हसला. दुसरं नाव मागे टाकल्याशिवाय त्या माणसाला शहरात वावरता येईना, आणि मागे टाकल्यावर ते सुटेना, म्हणून पुस्तक लिहावं लागलं. आणि बदललं काय ते पाहा. आडनाव बदललं नाही. पवार कुठेही चालतं, ते मराठ्यांत आहे, बंजाऱ्यांत आहे, पारध्यांत आहे, बौद्धांत आहे. ते काही सांगत नाही. सांगून टाकत होतं ते पहिलं नाव. सामाईक आडनाव हा आडोसा असतो, पण तो कमरेएवढाच, हे ‘बलुतं’ वाचताना जितकं कळतं तितकं दुसरीकडे कुठे कळलेलं मला आठवत नाही.

बाबूराव बागुलांनी त्याआधीच, १९६३ साली, ‘जेव्हा मी जात चोरली होती’ असं शीर्षक देऊन ठेवलं होतं. त्यातलं ‘चोरली’ हे क्रियापद बघा. माणूस परगावी नोकरीला गेलेला आहे, खोली हवी आहे, आणि स्वतःबद्दल न सांगणं ही चोरी ठरते. परगावी नोकरी, खोली, आणि समोरच्याचा प्रश्न: आखातातल्या कुणालाही ही मांडणी ओळखीची वाटायला हवी.

विजय तेंडुलकरांच्या ‘कन्यादान’मध्ये समाजवादी देवळालीकरांची मुलगी ज्योती ज्या दलित कवीशी लग्न करते त्याचं नाव अरुण आठवले. त्या नाटकावर वाद पुष्कळ झाले, दलित तरुणाचं चित्रण हा त्यांचा विषय होता आणि ते वाद योग्यच होते. आडनावाकडे मात्र कुणी फार लक्ष दिलं नाही. आठवले हे चित्पावनांतही आहे आणि बौद्धांतही आहे. तेंडुलकरांना हवं असतं तर निःसंदिग्ध आडनाव मिळालं असतं. त्यांनी असं दिलं जे एखाद्या देवळालीकरांना पत्रिकेवर छापलेलं पाहून क्षणभर हायसं वाटावं. हे जाणून केलं की सहज आलं, मला सांगता येणार नाही, पण त्या घरातल्या उदारपणाची परीक्षा या आडनावामुळे अधिक कठीण होते एवढं खरं.

आणि मग नागराज मंजुळे. ‘फँड्री’तल्या जब्याचं पूर्ण नाव जांबुवंत कचरू माने. माने हे सरदार घराण्याचं आडनाव, आणि जब्या कैकाडी. पण सिनेमात या आडनावामुळे एकाचाही गैरसमज होत नाही. होणार कसा? गाव लहान आहे. तिथे आडनाव हे शाळेच्या हजेरीपुरतं. डुकरं कोण धरतं हे सगळ्यांना माहीत आहे. गर्दी असेल तरच सामाईक आडनावाचा आडोसा मिळतो.

‘सैराट’ (२०१६) याच्या पुढचा आहे. अर्चना पाटील आणि प्रशांत काळे. महाराष्ट्रात इतकी सर्वसाधारण दोन आडनावं शोधून सापडायची नाहीत. पाटील म्हणजे काय ते सिनेमा पहिल्या तासात दाखवून देतो: वाडा, मळा, बुलेट, राजकारण. कॉलेजातला तो वर्ग आठवा. तास चालू असताना आत आलेल्या प्रिन्सला दलित साहित्य शिकवणारे सर तू कोण असं विचारतात आणि तो त्यांच्या कानाखाली वाजवतो. आपली ओळख विचारली गेली हाच त्याच्या लेखी अपमान. पाटलांना कुठले पाटील असं विचारायचं नसतं, निदान त्यांच्या गावात. काळे मात्र काहीच सांगत नाही. व. पु. काळेही काळेच. परश्या पारधी आहे हे आडनाव सांगत नाही, गाव सांगतं. मंजुळेंनी जातीची पाटी असलेलं आडनाव टाळलं हे मला या सिनेमातलं सर्वांत समजूतदार काम वाटतं. प्रेक्षकाला आडनावावरून सुटका नाही. त्याला माणसं बघावी लागतात.

याच गोष्टीचा हिंदी अवतार २०१८ मध्ये ‘धडक’ म्हणून आला, उदयपूरला जाऊन. तिथे ती पार्थवी सिंह आणि तो मधुकर बागला. गाणी तीच, पळून जाणंही तेच, आणि तरीही जात नावाची गोष्ट पडद्यावरून जवळजवळ पुसली गेली. उरला तो श्रीमंत-गरिबाचा मामला. २०२५ च्या ‘धडक २’ मध्ये ही चूक सुधारायची म्हणून नायकाला सरळ अहिरवार हे आडनाव मिळालं. ते धीट आहे, पण ते पाटी लावणं आहे. दोन्ही सिनेमांपाशी ‘काळे’चा निरुत्तर साधेपणा नाही.

‘सैराट’चा उत्तरार्ध आपण, परगावी राहणारे, पुरेसा वाचलेला नाही असं मला वाटतं. हैदराबादेत त्या दोघांना कुणी कुठले पाटील, कुठले काळे असं विचारत नाही. तिथे ती दोन आडनावं खरोखर फक्त आडनावं होतात. आडोसा पूर्ण होतो. मूल होतं, घर होतं. मोडतं कशाने? अर्ची आईला फोन करते त्याने. माहेरची माणसं आहेर घेऊन येतात. परमुलूख त्यांना सांभाळतो आणि घरचा फोन त्यांना गाठतो. कुवेतला बसून हा सिनेमा बघणाऱ्याला हे दिसायला हवं होतं. आपल्याकडच्या चर्चांत मात्र ‘झिंगाट’ आलं, आणि शेवट फार भयंकर आहे बाई, मुलांना दाखवू नका, हे आलं.

कारण आपण स्वतः हैदराबादेत आहोत अशी आपली समजूत आहे. कुवेतमध्ये आडनाव वापरातच कमी येतं. ऑफिसात पहिल्या नावामागे ‘मिस्टर’ लावतात. सिव्हिल आयडीचा बारा आकडी क्रमांक हीच इथली खरी ओळख, आणि त्यात शतक आणि जन्मतारीख असते, कूळ नसतं. आपलं तीन पदरी नाव, म्हणजे स्वतःचं, वडिलांचं, मग आडनाव, इथल्या रीतीत अगदी चपखल बसतं. बसत नाही ते बायकांचं. इथली बाई लग्नानंतरही आपल्या बापाचंच नाव लावते, त्यामुळे मराठी बाईच्या नावातलं मधलं नाव वाचून समोरचा माणूस नवऱ्याला तिचा बाप समजतो. (विनोदी लेखात हा प्रसंग असतोच. तो सांगणारा बहुतेक वेळा नवरा असतो.)

पण मराठी माणूस मराठी माणसाला भेटला की हैदराबाद संपतं. गणपतीच्या आरतीनंतर, हळदीकुंकवात, शुक्रवारच्या सहलीत. आडनाव सांगितलं जातं. ते कुलकर्णी, गोखले, देवधर असेल तर गप्पा पुढे सरकतात. ते जाधव, काळे, पवार, कांबळे, शिंदे असेल तर एक क्षण थांबून दुसरा प्रश्न येतो. मूळ गाव कुठलं? कुलदैवत कोणतं? घरी सगळं चालतं का? हे प्रश्न प्रेमाचेही असतात, हे मी नाकारत नाही. करमाळ्याच्या माणसाला या वाळवंटात करमाळ्याचा माणूस भेटला तर त्याचे डोळे चमकणारच, आणि त्यासाठी गाव विचारावंच लागतं. पंचाईत अशी की गावाची ओढ आणि जातीची चौकशी, दोन्ही एकाच वाक्यात, एकाच स्वरात येतात. विचारणाऱ्याला फरक सांगता येत नाही. ज्याला विचारलं जातं त्याला तो ताबडतोब कळतो.

ही खोड एकट्या आपली नाही. कुवेतीही आडनाव वाचतात. बेहबहानी ऐकलं की इराणमधलं बेहबहान गाव आठवतं. आपल्या भाषेत सांगायचं तर बेहबहानकर. मुतैरी, अजमी, आझमी ही इथली सामाईक आडनावं मोठ्या टोळ्यांची आहेत, आणि सामाईक असणं म्हणजे इथे संख्याबळ. त्या बळावर टोळ्या निवडणुकीआधी आपापसांत उमेदवार ठरवू लागल्या, तेव्हा १९९८ मध्ये त्यावर कायद्याने बंदी घालावी लागली. दुसरीकडे, तुमच्या शेजारच्या टेबलावरच्या तमिळ सहकाऱ्याला आडनाव नसतं, नुसतं आद्याक्षर असतं. पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीने १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत जातीची उपपदं टाकून द्यायचा ठराव केला, त्याचं हे फळ. जात गेली नाही, पण हजेरीपटावरून उतरली. महाराष्ट्राने इतक्यात केलेला बदल म्हणजे १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव सक्तीचं. बदल चांगला आहे. आडनाव शेवटी होतं तिथेच आहे.

आपल्या अंकांचे संपादक हे वाचत असतील तर त्यांच्याकडे एक मागणं आहे. ‘प’ आणि ‘ब’चा लेख वर्षभर बाजूला ठेवा. त्याऐवजी असा लेख मागवा ज्यात दुसरा प्रश्न विचारला गेल्यानंतरचं अर्धं मिनिट आहे: त्याने काय उत्तर दिलं, खरं गाव सांगितलं की तालुक्याचं नाव सांगून वेळ मारून नेली, बायकोने त्याच्याकडे कसं पाहिलं, परत येताना फहाहीलच्या रस्त्यावर गाडीत दोघं काय बोलले. दुसऱ्या बाजूचाही चालेल, म्हणजे ज्याने प्रश्न विचारला आणि उत्तर ऐकून ज्याच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं त्याचा. आणि इथे जन्मलेल्या मुलांचा तर हवाच. आजी फोनवर मैत्रिणीचं आडनाव विचारते, मुलगी पाटील म्हणते, आजी कुठले पाटील म्हणते, आणि मुलगी ब्लॉकचा नंबर सांगते. या मुलीला पुढे कोण, केव्हा, कोणत्या शब्दांत समजावून सांगतं, की आजीला ब्लॉकचा नंबर नको होता?

लिहिणारे आपल्यात आहेत, मला खात्री आहे. लेखाखाली पूर्ण नाव घालायचं की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं.